सोवळ्यातलं अ‍ॅप्लेट

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. कुणी भुताची गोष्ट सुरू केली की मी मध्येच "वायरिंग तपासलं का?" असं विचारून रंगाचा बेरंग करायचो… त्यामुळे घरात मला कुणी गोष्टीला बसवून घेत नसे.

साल १९९८. आष्ट्याला माझ्या मामांचा हळदीचा व्यापार. मी सांगलीत क्लास लावून जावा ही कॉम्प्युटरची भाषा शिकलेला — म्हणजे भाच्यांमधला शास्त्रज्ञच. मामांच्या नव्या इलेक्ट्रॉनिक काट्याची वायर कॉम्प्युटरला जोडली आणि जाहीर केलं, की आता पोत्याचं वजन ब्राउझरच्या पानावर दिसणार. त्यासाठी अ‍ॅप्लेट — पानातच चालणारा छोटा प्रोग्रॅम — लिहिलं. माप सुरू करताना 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही मामांची रीत. म्हणून आकड्याआधी तोच शब्द टाकला.

पहिल्या मापाला मामा स्वतः काट्यावर मांडी घालून बसले. "बघ रं, किती भरलो?"

लाभ: ०.

ब्राउझर अ‍ॅप्लेटला मशीनच्या कुठल्याही वस्तूला हात लावू देत नाही, हे शास्त्रज्ञाला तेव्हा कळलं.

"काटा आपला, कॉम्प्युटर आपला, मग परवानगी कुणाची?" मामा म्हणाले. "सोवळ्यात हाय व्हय त्यो? काट्याला शिवंना."

मग रोजचंच झालं. मी काहीतरी बदलायचो, मामा बसायचे, शून्य यायचं. "शिवला का रं?" "नाही, मामा."

पुढे मामांची कावीळ बळावली… मिरजेला दवाखान्यात ठेवलं. बघता बघता अंगावरचं मांस उतरलं. डॉक्टरांनी मामींना बाजूला घेऊन काय ते सांगितलं, तेव्हा मी तिथेच होतो. आत गेलो, तर मामा विचारतात, "शिवला का रं?"

मला एकदा 'हो' म्हणायचं होतं. एवढंच. खोटं बोललो असतो, पण जन्मभर काट्यापाशी बसलेल्या माणसापुढं खोटं बोलवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी बंद दुकान उघडून बसलो. काटा दुरुस्तीला गेलेला. म्हटलं, निदान परवानगीची भानगड सुटते का बघू. पान उघडलं.

लाभ: ३८.

आकडा एका जागी थांबत नव्हता. जरा वर, जरा खाली… काट्यावर बसलेला माणूस श्वास घेतो ना, तसा.

मी वायरिंग तपासलं. टोक जमिनीवर मोकळं पडलं होतं.

मान वर केली, तर शून्य.

मिळेल त्या एसटीनं मिरज गाठली. मामी वॉर्डाच्या दाराशीच बसल्या होत्या. "गेलं रं," म्हणाल्या. "सकाळपास्नं एकच घोकत हुते — बसलोय मी, बघ रं किती भरलो. कुणाला इचारत हुते, कुणास ठावं."

"अडतीस किलो," मी म्हणालो. मामींना वाटलं, माझंही डोकं फिरलं.

जाणकारांना विचारून झालं. सगळे म्हणाले, शक्यच नाही. बरोबरच आहे, मीही तेच म्हटलं असतं. आता ब्राउझर अ‍ॅप्लेट चालवतही नाहीत, पण तो जुना कॉम्प्युटर मी ठेवलाय. कधीतरी पान उघडतो आणि हळूच म्हणतो, "शिवला, मामा. त्या दिवशी शिवला होता."

समोर तेच. लाभ: ०.