रोल संपला, गा!

घाई नावाची वस्तू ज्यानं कोणी या जगात आणली, तो ती घरोघर वाटत फिरत होता तेव्हा माझ्या साडूचे थोरले भाऊ नक्की झोपलेले असणार. त्यांच्या वाट्याची घाई तो शेजारी ठेवून गेला असेल, तर ती आणायलाही हे आजवर गेलेले नाहीत. आणि अशा माणसाचा धंदा कोणता, तर फोटोग्राफीचा! डोळ्याचं पातं लवायच्या आत जे काम उरकतं ते काम, ज्याला चहाच्या कपातली साखर ढवळायला अर्धी सकाळ लागते त्यानं पत्करलेलं. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. उमरेडकडच्या एका लग्नाचे फोटो काढायला निघाले ते थेट बारशाला पोहोचले, असं शपथेवर सांगणारे लोक आमच्या नागपूरच्या सक्करदऱ्यात आहेत. मला हे पटत नाही. उगाच एखाद्या भल्या माणसाची बदनामी कशाला करा? माझ्या माहितीप्रमाणे दादा लग्नाला वेळेवर पोहोचले होते. बारशाला पोहोचले ते फोटो.

महाल नावाच्या वस्तीतल्या आपल्या घरून आमच्याकडे सक्करदऱ्याला यायचे ते सायकल घेऊन, पण सायकलवर बसून नव्हे. सायकल हातात धरून, म्हाताऱ्या बैलाला पाण्यावर न्यावं तसे चालत यायचे. एकदा मी विचारलं, "दादा, बसत काहून नाही?" तर म्हणाले, "बसलो का ते पळते गा. अन् ते पळालं का सारं पाहाचं राहून जाते." दुसऱ्याच्या घरी गेले की पाणी पिऊन झाल्यावर प्रत्येक खोलीत एकदा आडवे व्हायचे. नव्या घरातली बाई घाबरायची, की पाहुण्यांना भोवळ आली की काय. दादा पडल्या पडल्या सांगायचे, "काही नाही वं बाई, उजेड पाहून राहिलो." उजेड पाहता पाहता ते घोरायचे, ही गोष्ट निराळी.

तरुणपणी सीताबर्डीवरच्या एका स्टुडिओत ते कामाला होते. तिथे मागे ताजमहालाचा पडदा, पुढे लाकडी हरीण, आणि मालकाचा हुकूम असा, की फोटो काढताना "हसा" म्हणायचं. दादांनी म्हणायला नकार दिला. "हसा म्हटल्यावर जो हसते तो हसत नाही गा, दात दाखवते. दात पाहाचे तर दातवाल्या डॉक्टरकडं जा." नोकरी गेली. मग एका शाळेनं त्यांना मुलांच्या वर्गाचा फोटो काढायला बोलावलं. त्या शाळेचे हेडमास्तर असे करडे, की त्यांना पाहून व्हरांड्यातली घंटा आपोआप वाजायची असं म्हणतात. दादांनी सगळ्या वर्गाला सोडून, डबा खाताना मिरची लागलेल्या शिपायाकडे पाहून खदखदणाऱ्या हेडमास्तरांचा फोटो काढला. हेडमास्तर संतापले, पैसे द्यायचे नाहीत म्हणाले. दोन दिवसांनी त्यांची बायको स्वतः महालात येऊन पैसे देऊन फोटो घेऊन गेली. म्हणाली, "लग्नापासून ऐकत आले होते की हे हसतात. आज पाहिलं."

तर अशा माणसाच्या हाती मी माझ्या आबांचा फोटो सोपवला.

आबा म्हणजे माझे वडील. नरखेडकडच्या गावी संत्र्याचा बगीचा सांभाळून असायचे. एका डोळ्यात फार पूर्वी संत्र्याच्या फांदीचा काटा गेला होता, तो डोळा संपला. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला, तेव्हा त्या थंडीत मी त्यांना नागपूरला आणलं. धंतोलीतल्या डॉक्टरांनी सोमवारचं ऑपरेशन ठरवलं आणि वर सांगितलं, "बहुतेक चांगलंच होईल. पण एकच डोळा आहे, म्हणून सांगून ठेवतो." आबा घरी आले. मग ओसरीवर बसून मला म्हणाले, "सोमवारच्या आंधी एक फोटो काढून घे गा. चिंगी माह्या मांडीवर पायजे."

"आबा, ऑपरेशन झाल्यावर काढू की. तुम्हाला नीट दिसेलही."

"मले पाहाले नाही पायजे रे. डोया राहते का जाते, कोणाले मालूम. मी पोट्टीकडं कसा पाहून राहिलो होतो, ते तिले मोठी झाल्यावर दिसलं पायजे."

आता अडचण अशी, की आमची तीन वर्षांची चिंगी आबांच्या मांडीवर बसणं सोडाच, ते ज्या खोलीत असतील त्या खोलीत पाय ठेवायला तयार नव्हती. आबांच्या मिशा म्हणजे काय मिशा! दोन्ही बाजूंना एकेक चिमणी सहज बसली असती. त्यावर तो भलामोठा लाल पटका. चिंगी पाहायची आणि असा सूर लावायची, की सक्करदऱ्याच्या तलावावरचे बगळे उठायचे. मी दोघांना एका स्टुडिओत नेऊन पाहिलं. तिथला फोटोग्राफर काळ्या कापडात शिरला. चिंगीला वाटलं, बिनमुंडक्याचा माणूस आला. तिनं लाकडी हरणाचं शिंग मोडलं. शिंगाची भरपाई देऊन आम्ही परत आलो. तो शुक्रवार होता.

म्हणून दादांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं, ऐकता ऐकता एकदा डोळा लागला, पण ऐकलं. मग अटी घातल्या. "रविवारी येईन. घरीच येईन. आंधी जेवीन. अन् 'हसा' म्हणून कोणी म्हणाचं नाही. म्हटलं तर मी उठून चालला जाईन." थोडा विचार करून म्हणाले, "उठाले वेळ लागन, पण जाईन."

रविवारी सकाळी आठला बोलावलेले दादा अकराला उगवले. तोवर आम्ही सगळे तयार होऊन वाळत बसलो होतो. मी लग्नातला कोट चढवला होता. त्याची बटणं लागावीत म्हणून मी नाश्ता केला नव्हता आणि श्वासही जपून घेत होतो. आमचा सात वर्षांचा बाब्या फोटो म्हटलं की शाळेतल्या कवायतीसारखा ताठ उभा राहायचा, तसा तो आठपासून उभा होता. आबा पटका बांधून, मिशांना तेल लावून, ठाणेदारासारखे खुर्चीत. चिंगी आईच्या पदराआड, तोंड उघडं, आवाज चालू. दादांनी पोटापाशी धरायचा, वरून डोकं खाली घालून बघायचा तो आपला डबा-कॅमेरा काढला आणि आमच्यावर चालवला. खट. "झकास." खट. "आबासाहेब, अजून कडक बसा." खट. "वा! असं वाटून राहिलं का तुम्ही आत्ता कोणाले तरी फाशी देता." आबांना ते कौतुक वाटलं, ते आणखी कडक झाले. चिंगी मांडीवर आलीच नाही. "चालू द्या तिचं," दादा म्हणाले, "भूक लागली."

जेवायला आमच्या हिनं सांबारवडी केली होती. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात आणि तिच्या वड्या म्हणजे दादांचा जीव की प्राण. किती खाल्ल्या ते सांगत नाही, मुलं वाचतील. जेवण झाल्यावर दादा कॅमेरा घेऊन आतल्या खोलीत उजेड पाहायला गेले, आणि तो त्यांनी एवढ्या मनापासून पाहिला की भिंती हादरायला लागल्या. एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले. ऊन भिंत चढून कौलाकडे निघालं. हिनं मला चिमटा काढला. "उठवा ना त्यांना! उद्या सकाळी आबांना भरती करायचं आहे." मी दारापर्यंत जायचो आणि परत यायचो. ओसरीवर आबा भिंतीला न टेकता बसून होते. पटका चुरगळेल म्हणून त्या दुपारी ते आडवेसुद्धा झाले नव्हते. माझी चाहूल लागली की विचारायचे, "उठले का रे पाव्हणे?"

चारच्या सुमाराला दादा जांभई देत बाहेर आले, ओसरीच्या पायरीवर बसले, कॅमेरा मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "रोल संपला, गा."

"म्हणजे?"

"म्हणजे संपला. सकाळी लय काढले ना."

माझ्या कोटाचं वरचं बटण त्याच क्षणी उडालं. रागानं उडालं असं मी म्हणतो, ही म्हणते पोटानं. मी दादांना काय काय बोललो ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. आबा मात्र शांत होते. "जाऊ दे रे," म्हणाले, "नसन आपल्या नशिबात." आणि त्यांनी हळूच पटका सोडून बाजूला ठेवला. मी कोट फेकला आणि बनियनवर बसलो. बाब्या इतक्या तासांनी पहिल्यांदा वाकला. दादा जसं काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाले, "आबासाहेब, गावावून संत्री आणली म्हणे तुम्ही. का फक्त नावालेच नरखेडवाले?"

डिवचलेल्या आबांनी पोतंच ओसरीवर ओतलं. संत्री लुडकत चारी बाजूंना पळाली आणि त्यांच्यामागे चिंगी. एक संत्रं आबांच्या पायाशी गेलं. ते घ्यायला वाकलेली चिंगी वर पाहते तो काय, लाल पटका गायब आणि त्याखाली गुळगुळीत तांब्यासारखं टक्कल! ती बघतच राहिली. "आबा, तुझे केस कुठी गेले?"

"ह्या मिशाइनं खाल्ले वं माय."

चिंगीनं एक मिशी ओढून पाहिली. मिशी काही चावली नाही. मग जे घडलं ते संत्र्याच्या गावचा माणूसच घडवू शकतो. आबांनी तिला मांडीवर घेतलं, तिच्या चिमुकल्या बोटांत संत्र्याची साल दिली आणि तोंड तिच्या कानाशी नेऊन शिकवलं, "अशी वाकव. आता दाब. फोटोवाल्याच्या डोयात!" चिर्रकन फवारा उडाला आणि दादांच्या उजव्या डोळ्यात गेला.

"मेलो, मेलो, बापा!" दादा ओरडले. चिंगी खिदळली. आबांनी दुसरी साल दिली, डावा डोळा. दादा दोन्ही डोळे गच्च मिटून, तोंड वाकडं करून, पायरीवर डोलत होते, त्यांच्या गालांवरून धारा वाहत होत्या, आणि आबा बोळकं उघडून असे हसत होते की मी माझ्या बापाला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. या सगळ्या गोंधळात मला एक बारीक आवाज ऐकू आला. खट. मी दादांच्या मांडीकडे पाहिलं. एक हात डोळे चोळत होता, दुसरा कॅमेऱ्यावर होता. खट. आणखी एकदा खट.

जाताना मी त्यांना फाटकापाशी गाठलं. "दादा, रोल संपला होता ना?"

"सुरूच झाला नव्हता गा. जेवल्यावर भरला."

"मग सकाळी काय काढत होता?"

"सकाळी तुमच्या आंगातून फोटो काढून राहिलो होतो. कोट, पटका, कवायत. ते आतमंदी असलं का माणूस येत नाही." सुजलेल्या डोळ्यांनी सायकल धरून ते चालत महालाकडे गेले.

ऑपरेशन चांगलं झालं. पण पट्टी सुटली, आबा उठून बसले, घरी आले, महिना उलटला, तरी फोटोंचा पत्ता नाही. निरोप पाठवला की साडू सांगायचा, "दादा विचारत होता, आबांचा चष्मा आला का?" मला वाटायचं, उशीर झाकायला दुसऱ्याची चौकशी करतो आहे बेटा. शेवटी सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या भिंगांचा तो चष्मा आला, आणि त्याच संध्याकाळी दादा आले. आबांनी चष्मा लावून फोटो हातात घेतला. बराच वेळ पाहिला.

"हा टकला कोण व्हय?"

"तुम्हीच, आबा."

"मी असा हासतो?" आबा म्हणाले. "मंग इतके वर्स कोणी सांगतलं काहून नाही?"

नव्या चष्म्यातला आबांचा हत्तीएवढा डोळा पाहून चिंगी पुन्हा किंचाळत पळाली. पण आता आबांना इलाज ठाऊक होता. ते संत्रं सोलायला बसले. फोटोच्या कोपऱ्यात मी आहे, बनियनवर, पाठ खाजवत. तो फोटो मी फ्रेम करून भिंतीवर लावला, आणि आजवर आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं विचारलं आहे की हा मागे पाठ खाजवणारा गडी कोण.

आबा पुढे बरीच वर्षं त्या डोळ्यानं बगीचा पाहत राहिले. चिंगीच्या लग्नाला मात्र ते नव्हते, त्या फोटोला हार होता. लग्नाच्या सकाळी ती नटून फोटोला नमस्कार करायला खोलीत आली. आजकालचे रंगीत फोटोवाले दिवे लावून तिच्याभोवती नाचत होते, "मॅडम, इकडे पाहा, मॅडम, स्माइल!" आणि ती बाब्याच्या जुन्या कवायतीसारखी ताठ. कोपऱ्यातल्या खुर्चीत दादा. पार पिकले होते, मांडीवर तोच डबा-कॅमेरा. ते हळूच म्हणाले, "पोरी, रोल संपला."

ही गोष्ट ऐकतच वाढलेल्या चिंगीनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं, मग वर, आबांकडे. आणि खुदकन हसली, डोळ्यांत पाणी असताना हसली.

तो फोटो कधी आला? कधी येणार, बारशाला आला! काठी टेकत दादा स्वतः घेऊन आले. फोटोत चिंगी वर पाहून हसते आहे आणि भिंतीवरून आबा तिच्याकडे पाहून हसत आहेत, दोघांचं हसू एकाच साच्यातलं. चिंगीनं तो फोटो खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. मग म्हणाली, "बाबा, आबा माझ्याकडे असे बघायचे?" मी मान हलवली. आबांना जे पाहिजे होतं ते तिला दिसलं होतं.

सगळे जेवायला उठले तरी दादा खुर्चीत बसूनच होते. मी जवळ गेलो, तर म्हणाले, "आता मातर खरंच संपला गा रोल."

मी सवयीनं सावध झालो, गालातल्या गालात हसलो, आणि खट ऐकू येतं का म्हणून त्यांच्या मांडीकडे पाहिलं. मांडीवर कॅमेरा नव्हता. चिंगीचं बाळ होतं, आणि दोघंही उजेड पाहत होते.