पायांची हाक

दवाखान्यातले लोक त्यांना पाठीमागे ‘पाठलागबाई’ म्हणत. तोंडावर अर्थातच मॅडम. जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या कानांची तपासणी करायची असा सरकारी हुकूम निघाला, मशीनही आलं. कानात इवलीशी गुंडी घालायची, टिकटिक ऐकवायची, की मशीन सांगतं, ठीक आहे किंवा पुन्हा तपासा. इथवर सगळं छान. घोडं अडतं ते त्या ‘पुन्हा तपासा’पाशी. बाळ-बाळंतीण एकदा घरी गेली की परत येतंय कोण! तर अशा न आलेल्या बाळांच्या घरी नर्सना पिटाळायचं, आणि नर्स खरंच गेल्या की वाटेत चहा पीत बसल्या ते बघायचं, हे बाईंचं काम. एकदा खनपटीला बसल्या की बाई कुणाला सोडत नसत.

त्यामागे कारण होतं. बाईंचा धाकटा भाऊ बहिरा होता, आणि हे घरात कळलं तो शाळेतून परत पाठवला गेला तेव्हा. तोवर तो हट्टी होता, मठ्ठ होता, आणि ‘ऐकत नाहीस का रे’ म्हणून वडिलांचा मार खात होता. खरंच ऐकत नव्हता बिचारा! आई मात्र छातीठोकपणे सांगायची, “माझा आवाज बरोबर ओळखतो तो.” कारण आईनं हाक मारली की तो वळायचा. आईला हाक मारताना पाय आपटायची सवय होती, आणि घरातली जमीन होती लाकडी फळ्यांची. पोरगं वळायचं ते फळीच्या हादऱ्याला. बाईंना हे उमगलं या खात्यात लागल्यावर. तेव्हा आई म्हातारी झाली होती. तिला सांगायची बाईंची हिंमत झाली नाही. आई तोच अभिमान उराशी धरून गेली.

भाऊ सुतारकाम शिकला. आईचं बघून सगळं घरच त्याला पाय आपटत हाक मारायचं, आणि त्यालाही ताईला बोलवायचं असलं की तो तसाच पाय आपटायचा. पुढे कावीळ झाली आणि तोही गेला. पण बाई अजून घरात शिरताना उंबऱ्याशी एकदा पाय आपटत. नवरा म्हणे, “अगं, आता कुणाला बोलावतेस?” बाई तशाच स्वयंपाकघरात निघून जात. उलटंही घडायचं, आणि ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. भाजी चिरताना, दवाखान्याच्या व्हरांड्यात चालताना, अचानक तळपायाखाली ठण् व्हायचं. बाई वळून बघत. मागे कोणी नसायचं.

त्या दिवशी नवी नर्स एका बाळाचं प्रकरण बंद करायला सही मागायला आली. मशीननं दोन्ही कानांना ‘पुन्हा तपासा’ म्हटलं होतं. मोठी तपासणी राहिली होती. नर्सनं शेरा मारला होता, ‘घरी ऐकतो.’

“कुणी सांगितलं ऐकतो म्हणून?”

“मॅडम, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आजीनं हाक मारली आणि पोरगं टक्क जागं झालं.”

“कुठं निजलं होतं?”

“खाली, अंथरुणावर.”

“जमीन कसली आहे?”

नर्सला वाटलं बाईंचं डोकं फिरलं. “लाकडी असावी. वरच्या मजल्यावर राहतात ते.”

बाईंनी सहीचा कागद बाजूला सारला. बाळाला पाचवा महिना लागला होता. आता कानाला ऐकायचं यंत्र लागलं तर ते शब्द ऐकत वाढणार, आणि ही सही झाली तर त्याच्या घरी पुन्हा कोणीही जाणार नव्हतं. “चप्पल घाल,” बाई म्हणाल्या.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरून लाकडी जिना वर जात होता. दार बाळाच्या आजीनं उघडलं. अंगानं भरभक्कम, आवाज असा की खालच्या दुकानदारानं मान वर करावी. “पुन्हा आलात? आमचं पोर चांगलं ऐकतं हो! माझा आवाज तर बरोबर ओळखतो.”

बाईंना क्षणभर दारात आईच उभी दिसली. तेच शब्द, तीच वर उचललेली हनुवटी.

सून कोपऱ्यात बाळाला घेऊन बसली होती. “मला कधी कधी वाटतं...” ती पुटपुटली.

“तुला काय कळतंय!” म्हणत सासूबाईंनी बाळाला अंथरुणावर ठेवलं, चार पावलं मागे गेल्या आणि हाक मारली, “ए माझ्या राजा!” उजवा पाय धप्पकन फळीवर पडला. बाळानं मान वळवली. “बघा!”

“आजी, आता माझं एक ऐका,” बाई म्हणाल्या. “त्या खुर्चीवर बसा. पाय वर घ्या, मांडी घाला. आणि मारा हाक.”

“हे काय नसतं खूळ!” पण आजी बसल्या. “ए माझ्या राजा!”

बाळ स्वतःची मूठ चोखत होतं.

“राजा! अरे ए राजा!” आवाजानं खिडकीची काच थरथरली. बाळ छताकडे बघत मजेत मूठ चोखत राहिलं. तिसऱ्या हाकेला आजींचा आवाज फाटला.

“आता तोंडानं काही बोलू नका. नुसता पाय आपटा.”

आजी उतरल्या. पाय उचलला, पण खाली टेकवायला त्यांना धीर होईना. शेवटी टेकवला. बाळानं मान वळवली आणि आजीकडे बघून हसलं.

“मग इतके दिवस मी कुणाला हाका मारत होते?” आजी म्हणाल्या.

जे आईला सांगता आलं नव्हतं ते बाईंनी सांगितलं. “तुमचे पाय ओळखतो तो, आजी. आवाज अजून त्याच्यापर्यंत पोचलेलाच नाही. उद्या मोठ्या तपासणीला घेऊन या.”

“चालत्या व्हा!” आजी किंचाळल्या. “माझ्या पोराला बहिरा म्हणता? चालत्या व्हा आधी!”

बाई जिना उतरू लागल्या. आईनंही असंच हाकललं असतं. निम्म्या जिन्यात असताना कठडा हादरला. वर धप्प झालं. मग शांतता. पुन्हा धप्प, पुन्हा शांतता. मधूनच आजींची हाक, आणि हाकेनंतर काहीच नाही. आजी एकट्याच पुन्हा पुन्हा करून बघत होत्या. नर्सनं तोंडावर पदर धरला.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी तिघंही पायरीवर बसलेली होती. आजींचे डोळे सुजले होते. बाईंना बघताच त्यांनी मान फिरवली.

मोठ्या तपासणीत जे निघायचं तेच निघालं. पुढे महिन्याभरात यंत्रं आली. ती लावायच्या दिवशी बाई मुद्दाम त्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. आवाज घुमू नये म्हणून तिथं लाकडी जमिनीवर गालिचा घातलेला होता. यंत्र सुरू झालं. आजींनी अगदी हळू, भीत भीत हाक मारली, “राजा.”

बाळ दचकलं. डोळे विस्फारले, खालचा ओठ बाहेर आला आणि त्यानं भोकाड पसरलं. हे काय नवीनच अंगावर आलं! आईनं जोजवलं, नर्सनं खुळखुळा हलवला, छे! शेवटी आजी सवयीनं पुढे झाल्या आणि त्यांनी पाय आपटला.

बाळ थांबलं. ओळखीचं माणूस सापडल्यासारखं आजीकडे बघायला लागलं. आजींनी तशीच पुन्हा हाक मारली, आता पाय आणि आवाज एकदमच. या वेळी ते रडलं नाही. आजी मात्र ढसाढसा रडल्या.

पण बाईंनी हे शेवटचं पाहिलंच नाही. गालिच्याखालून ते ठण् त्यांच्या तळपायांत चढलं होतं आणि त्या गर्रकन दाराकडे वळल्या होत्या.

“कोण आलंय, मॅडम?” नर्सनं विचारलं.

“कोणी नाही गं,” बाई म्हणाल्या. तरी त्या दाराकडेच बघत राहिल्या. मग कुणाला कळणार नाही इतक्या हळू त्यांनी एकदा पाय आपटला.