पोत्याच्या तळाचा दाणा

स्वतःच्याच मालाची निंदा करून आयुष्यभर दुकान चालवलेला माणूस या जगात एकच होऊन गेला असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोची थोरली बहीण उदगीरला दिलेली. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो आणि तिच्या यजमानांना मी अण्णा म्हणायचो. अण्णांचं मोंढ्यात, म्हणजे तिथल्या धान्यबाजारात, तूरडाळीचं दुकान. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात पांढरा सदरा. इतर दुकानदार गिऱ्हाईक आलं की पोत्यावरचे टपोरे दाणे ओंजळीत घेऊन पुढे करतात. अण्णा पोत्यात नमुना काढायची लोखंडी परखी खुपसायचे ती थेट तळापर्यंत. खालचा माल काढून ताटात पसरायचे आणि किडके, फुटके, डागाळलेले दाणे बोटाने बाजूला सारून म्हणायचे, "आधी हे बघा. हे पटलं तर बाकीचं घ्या." नवखा माणूस गोंधळून शेजारच्या दुकानात जायचा. जुनी गिऱ्हाइकं मात्र दुसरीकडे फिरकत नसत. अण्णांचं म्हणणं असं होतं, "वरचं धान्य बघून माल घेणारा आन् फोटू बघून पोरगी करणारा, दोघं बी मागून माझ्याकडंच रडत येतेत."

हा स्वभाव दुकानापुरता असता तर काही बिघडलं नसतं. पण अण्णा जातील तिथे परखी खुपसायचे. मी नांदेडला घर बांधलं, तेव्हा वास्तुशांतीला आलेले पाहुणे कौतुक करत होते आणि हे भिंतीला पंजा लावून उभे. "साडू, वल हाय बरं का भिंतीत. हे प्लास्टर धरनार न्हाई." मला राग आला. पुढच्या पावसाळ्यात प्लास्टर खाली आलं तेव्हा तो दुप्पट झाला. दर वर्षी ते मला डाळीचा कट्टा, म्हणजे लहान पोतं, पाठवायचे आणि सोबत एक छोटी पुडी असायची. पुडीत काय, तर त्या डाळीतून निवडलेले खडे आणि काळे दाणे. का, तर साडूला कळलं पाहिजे की मालात काय काय होतं! स्वतःच्या मुलाच्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे आले तेव्हा तर त्यांनी कहरच केला. अक्काने मोठ्या हौसेने मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, मुलगा इस्त्रीचे कपडे घालून बसला होता, आणि अण्णा मुलीच्या बापाला सांगायला लागले, "पोरगं घोरतंय. दहावीला गणितात एकदा गेलेलं हाय. राग नाकावर. बाकी विचारा काय विचारायचं ते." अक्का आतल्या खोलीत डोक्याला हात लावून बसली. पण मुलीचा बाप हसला आणि म्हणाला, इतकं सांगितलं म्हणजे लपवलेलं काही उरलं नसेल. लग्न झालं आणि सूनही चांगली मिळाली.

स्वतःच्या मालाला चांगलं म्हणणं अण्णांना जन्मात जमलं नाही. कोणी डाळीची तारीफ केली तरी ते म्हणत, "बरी हाय. त्याच्यात काय एवढं." दुकानातला हमाल पाशाभाई तरुणपणापासून त्यांच्याकडे होता. साठी आली तरी भरलेलं पोतं एका झटक्यात पाठीवर घ्यायचा. तो कधीकधी वैतागायचा, "सेठ, अपने माल को कभी तो अच्छा बोलो!" अण्णा त्यालाच दटावायचे, "तू बोल की. तुझी जीभ हाय, माझी न्हाई."

असं असताना एक दिवस अण्णांच्या लघवीतून रक्त गेलं. दुसऱ्या कुणी घाबरून लपवलं असतं, यांनी मोंढ्यात चारचौघांना सांगितलं. सोनोग्राफी झाली, मग नांदेडला मोठ्या दवाखान्यात दाखवलं. उजव्या किडनीत कर्करोगाची गाठ निघाली. डॉक्टरांनी तपासायच्या आधीच अण्णांनी स्वतःचे सगळे दोष सांगून टाकले. तरुणपणी तंबाखू खाल्ली, मीठ वरून घेतो, बीपीच्या गोळ्या आठवण झाली तरच घेतो. ऑपरेशन करून ती किडनी काढली. डॉक्टरांनी बाहेर येऊन मला आणि अक्काला ती ट्रेमध्ये दाखवली. अक्काने एकदा बघून डोळे मिटले, मी तर धड बघितलीच नाही. शुद्धीवर आल्यावर अण्णांचा पहिला प्रश्न होता, "कशी व्हती? गाठ कुठल्या अंगाला व्हती?" मला सांगता येईना. ते चिडले. "तुमी जलम पाटबंधाऱ्याच्या हापिसात काडला. तुमाला खराब मालाची पारख कुठनं असनार!"

टाके काढायला आले तेव्हा अण्णा, अक्का आणि सामान उचलायला पाशाभाई असे तिघं माझ्याकडेच उतरले होते. डॉक्टर तरुण होते आणि नीट समजावून सांगणारे. त्यांनी सांगितलं की आता सगळा भार एकाच किडनीवर आहे. ती पुढे काम करेल की हळूहळू दमत जाईल हे नेहमीच्या रक्ताच्या तपासणीत उशिरा कळतं. त्यात बिघाड दिसेपर्यंत किडनीचं बरंच काम गेलेलं असतं. पण लघवीत काही प्रथिनं सापडतात. किडनीला आतून मार बसत असेल तर ती आधीच वाढतात. तपासणी नवीन आहे, तिच्यावरून पक्कं सांगता येत नाही, पण अंदाज येतो, आणि धोका दिसला तर औषधं बदलून, वरचेवर बोलावून किडनी जपता येते. हे ऐकून अण्णांचा चेहरा असा खुलला की डॉक्टरही हसले. "म्हंजे पोत्याच्या तळाचा नमुना म्हना की! करा, करा. वरवरचं बघून काय उपेग?"

तेवढ्यात अक्का बोलली. ती दवाखान्यात कधी बोलत नसे. "आन् खराब निगाली तर माझी घ्या डॉक्टरसाहेब. माझं रगत ह्यांच्याशी जुळतंय, मी तपासून घेतलंय."

डॉक्टर म्हणाले की तसं लगेच काही करता येत नाही, कर्करोग परत आला नाही ना हे पाहायला बरीच वाट बघावी लागते. अक्का म्हणाली, "बघीन की वाट." अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांचा हात आपोआप सदऱ्यावरून टाक्यांच्या जागी गेला. घरी येताना रिक्षाच्या सीटचा फोम गेलेला होता, तरीही त्यांनी तो दाखवून दिला नाही. मला वाटलं, दमले असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी नमुन्याची बाटली घेऊन अण्णा आणि पाशाभाई दोघंच दवाखान्यात गेले. अहवाल आला तो चांगला. प्रथिनं अगदी बेताची होती, काळजीचं कारण नव्हतं. पुढच्या तपासण्या लांबलांबच्या ठरल्या. माझ्या दिवाणखान्यात उभं राहून अण्णांनी तो कागद हलवला आणि मोठ्याने म्हणाले, "माझा माल एक नंबर हाय! कुनाच्या दुसऱ्या मालाची गरज न्हाई." मी हसलो. बायकोने देवापुढे साखर ठेवली. अक्का मात्र बॅग भरत राहिली आणि संध्याकाळच्या गाडीने सगळे उदगीरला गेले.

वर्ष उलटलं आणि अण्णांचे पाय सुजायला लागले. जेवण जाईना. तपासलं तर उरलेली किडनी जवळजवळ निकामी झालेली. लातूरला डायलिसिस सुरू झालं. नांदेडचे डॉक्टर तो जुना अहवाल पुन्हापुन्हा बघत म्हणाले, "यावरून असं काही वाटत नव्हतं हो." अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. डायलिसिसच्या खोलीतही त्यांची परखी थांबली नव्हती. नव्या पेशंटला ते आपणहून सांगत, "त्या कोपऱ्यातली खुर्ची घेऊ नका, पाठ धरती. आन् सुई टोचताना दुखतंय बरं का, न्हाई म्हनतेत ते खोटं हाय." अक्काने पुन्हा आपली किडनी द्यायचं बोलणं काढलं. पण तोवर कर्करोग फुफ्फुसात उतरला होता, आणि किडनी बसवायचा प्रश्नच आता उरला नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. मी खाली मान घातली. वर पाहिलं तर अण्णांच्या चेहऱ्यावर मला चक्क समाधान दिसलं. आजाराने माणसाचं डोकं जरा हलतं म्हणतात, तसलंच काही असेल असं मला वाटलं आणि फार वाईट वाटलं.

पोळ्याच्या आधी अण्णा गेले. आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसवून, विभूती लावून मातीत ठेवलं. मोंढा त्या दिवशी बंद होता. नंतर काही दिवस मी उदगीरलाच राहिलो होतो. एके दिवशी दुपारी पाशाभाई अंगणात आला आणि अक्काच्या पुढ्यात जमिनीवर बसून रडायलाच लागला. "अक्का, वो बाटली मेरी थी. उस में का पिशाब सेठ का नै था, मेरा था. मैं नक्को बोला. सेठ हात जोडे जी मेरे कू. बोले, पाशा, मेरा खराब निकला तो ये मेरे वास्ते अपना पेट चिरवा लेती."

जन्मभर तळाचा दाणा दाखवणाऱ्या माणसाने एकदाच खोटा नमुना पुढे केला होता, आणि तो स्वतःच्या जिवाचा! खरा दिला असता तर कदाचित ती किडनी वेळेत जपता आली असती. अण्णांचा इतका राग मला प्लास्टर पडलं तेव्हाही आला नव्हता, आणि इतकी मायाही कधी वाटली नव्हती.

अक्का रडली नाही. पाशाभाईला तिने पाणी दिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला कळलं व्हतं भाऊजी. त्याच दिवशी, तुमच्या घरात. उभ्या जन्मात ह्यांनी आपल्या मालाला चांगलं म्हनलं न्हाई. आन् त्या दिवशी म्हनले, एक नंबर. तवाच समजले मी, ह्यो माल ह्यांचा न्हाई."

"मग तू बोलली का नाहीस अक्का?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "खरं वाटून घ्यावं वाटलं ओ. ती गाठ ट्रेमधी बघितल्यापासून मी बी लई भ्याले व्हते. खोटा हाय हे कळून बी घेतला मी तो नमुना."

यंदा डाळ मी नांदेडच्या बाजारातून आणली. दुकानदाराने वरची डाळ ओंजळीत घेऊन पुढे केली, पिवळीधमक, एकही काळा दाणा नसलेली. मी त्याला पोत्याच्या तळाची दाखवायला सांगितली. तो चिडला, पण त्याने हात घालून काढली. किडके, फुटके सगळे होते त्यात. मी तीच घेतली. घरी येऊन बायकोने ती निवडली आणि काढलेले खडे, काळे दाणे टाकून न देता कागदात बांधून डब्यावर ठेवून दिले. ती पुडी अजून तिथेच आहे.