करंट नसलेल्या भोंग्यातलं गाणं

तेवीस वर्षं झाली, मी वीज खात्यात लाइनमन आहे. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट माणसाचा जीव घेऊ शकते, हे मला कोणी शिकवायला नको. पण तिलाही वायर लागते, हा माझा साधा हिशेब. त्यामुळे भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात आधी हसणारा मीच... हे आधीच सांगून ठेवतो.

यंदाच्या उळवीच्या जत्रेतली गोष्ट. भर दुपारची. देवळाच्या वाटेवर एका खांबावरची तार सैल होऊन ठिणग्या पडत होत्या. मी त्या बाजूची लाइन बंद केली, वर चढलो, काम उरकलं. उतरल्यावर लगेच लाइन चालू करायची सोडून समोरच्या गाड्यावर चहाला बसलो. घरी चहा करून द्यायला कोणी नाही, म्हणून बाहेरचा चहा मी जरा जास्तच वेळ पितो.

तेवढ्यात बांगड्यांच्या दुकानावरच्या भोंग्यातून गाणं सुरू झालं. एकटी बाई गात होती. पेटी नाही, तबला नाही. मराठी की कोंकणी तेही धड कळेना, पण चाल ओळखीची... इतकी, की चहा हातात तसाच गार झाला. कुठलं गाणं ते काही केल्या आठवेना. नंतर शोधू म्हणून मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं. गाणं थांबल्यावर दुकानदाराला विचारलं, "अण्णा, आत्ताचं गाणं कुठलं ओ?"

"कसलं गाणं? चेष्टा करताय व्हय? करंट तुम्हीच काढलाय न्हवं? कवापासनं वाट बघतोय!"

खरंच की! लाइन तर मीच बंद ठेवली होती. त्याच्याकडे जनरेटर नाही, बॅटरी नाही. भोंग्याची वायर हाताने चाचपत मी शेवटपर्यंत गेलो. ती सरळ दुकानातल्या बंद बोर्डात जात होती.

जोयड्याला घरी परतताना बाइकवर मी तीच चाल गुणगुणत होतो, आणि एका वळणावर एकदम उमगलं — ही तर शेवंतीची चाल! शेवंती माझी बायको. दोन वर्षांपूर्वी काविळीने गेली. भाकऱ्या थापताना ती हेच म्हणायची आणि मी टीव्हीपुढून ओरडायचो, "जरा गप की गं, बातम्या ऐकू दे." ती गप्प व्हायची. सतरा वर्षांच्या संसारात एकदाही विचारलं नाही, हे गाणं कुठलं म्हणून. आता मात्र ते कळल्याशिवाय जिवाला चैन पडेना.

घरी रेकॉर्डिंग लावलं. नारळवाल्याची ओरड, पिपाण्या, मधेच माझा खोकला. गाण्याचा पत्ता नाही. गाणी ओळखणाऱ्या ॲपनेही हात वर केले.

रविवारी गुंद गावाला गेलो, शेवंतीच्या थोरल्या बहिणीकडे. अक्का अंगणात सुपारी सोलत होती. मी बेसूर का होईना, चाल म्हणून दाखवली.

"हे भात लावताना म्हणायचं, भावजी. आमच्या आईचं गाणं. शेवटच्या वाफ्यात बाईनं गाण्यात आपल्या घरच्यांची नावं घालायची. जो शेतात आलेला न्हाई, त्याचं आधी. शेवंती दरवर्षी तुमचं घालायची."

सासुरवाडीच्या भातलावणीला मी कधीच गेलो नव्हतो. पावसात तारा तुटतात, ड्यूटी असते... खरं सांगायचं तर सुटी मागितलीच नव्हती.

"जत्रेत ऐकलं हो मी. पण बघा, काही रेकॉर्डच झालं नाही," म्हणत मी रेकॉर्डिंग लावून मोबाइल तिच्या हातात दिला.

अक्काचे हात थांबले. मग मान हळूहळू डोलायला लागली, ओठ हलायला लागले, आणि डोळ्यांना धार लागली. "शेवंतीच हाय की ही... बघा, बघा, आता तुमचं नाव घेतलं!"

मी घाईघाईने फोन कानाला लावला. नारळवाला. पिपाणी. माझा खोकला.

"तुमास्नी ऐकू येत न्हाई व्हय?"

"येतंय की," मी म्हटलं.

अक्काला भास झाला म्हणावं, तर ती पुटपुटत होती ते शब्द मी जत्रेत ऐकलेलेच होते. भोंग्याचं कोडं तर कुठल्याच वायरमनला सुटलेलं नाही. मी आता रोज जेवायला बसलो की टीव्ही बंद करतो आणि ते रेकॉर्डिंग लावतो. अजून तरी नारळवालाच ऐकू येतो. पण मी पूर्ण ऐकतो... मधे बोलत नाही.