नाव घालणारे दत्तूआण्णा

फोन आला तेव्हा मी गिऱ्हाइकाला कुकरचं झाकण लावून दाखवत होते. "ताई, आण्णा गेलं," त्यांची मुलगी म्हणाली. "बरं," म्हटलं आणि झाकण लावलं. बरं काय, बरं? तीन आठवडे झाले, अजून रडू आलेलं नाही. नुसतं बधिर वाटतंय...

दत्तूआण्णा आमच्या भांड्यांच्या दुकानात वडिलांच्या वेळेपासून होते. भांडी विकायचे आणि विकलेल्या भांड्यांवर मशीननं नावं घालायचे. गिऱ्हाइकांची अख्खी भावकी त्यांना पाठ. "वैनी, थोरल्या जावंचं नाव आदी घालूया की, न्हाईतर दिवाळीपतोर अबोला!" असं दटावत दोन पातेली जास्तच खपवायचे. वडिलांनंतर गल्ल्यावर मी बसले. मला घाई भारी. एकदा भर दुकानात मी म्हणाले, "आण्णा, गप्पा पुरेत, हात चालवा." ते हसले. महिन्यानं म्हणाले, "ताई, शिरोलीत वॉचमनचं काम मिळालंय. उद्यापासनं न्हाई येत." का, ते मी विचारलं नाही. माणसं काय, छप्पन्न मिळतील!

मिळालीही. टिकलं कोण? एक दिवाळी करून गेला, एकीला मॉलमधला एसी आवडला, एकाचा हात बसतोय तोवर मोबाईलवाल्यानं त्याला उचललं. प्रत्येकाला पहिल्यापासून शिकवत बसायचं, तोवर गिऱ्हाईक ताटकळून पसार. एका पठ्ठ्यानं तर नवरीच्या आईच्या नावापुढं नवऱ्यामुलाच्या बापाचं नाव घातलं! भर मांडवात बोभाटा. कळंब्याचं ते घर परत पायरी चढलं नाही. "आण्णा न्हाईत व्हय? मग येतो नंतर," म्हणणारेही येईनात. चुकलं माझं, या परत... एवढंच म्हणायचं होतं. शिरोली काय लांब आहे? पण जीभ रेटली नाही.

परवा काकू आल्या, आण्णांच्या पत्नी. मुरगूडच्या देवळाला आण्णांच्या नावानं पातेलं द्यायचं होतं. दुकानातलं सगळ्यात जड काढून दिलं.

"नावं कोण घालतंय आता?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, काकू. होता तो मागच्या आठवड्यात सोडून गेला. मला येत नाही."

काकूंनी काठाखालून हात फिरवला, नाव घालतात तिथून.

"ऱ्हाऊ दे मग," म्हणाल्या. "कोरंच द्या."