वैद्यकाकूंचं आसव

"बोलू नका व, जीभ पाहून राह्यली," असं म्हणून वैद्यकाकू डोळे मिटायच्या. तोंडात पळीभर द्राक्षासव, मान थोडी डावीकडे कललेली. आम्ही तिघी भिंतीला टेकून गप्प बसायचो. कोणी खोकलं तरी काकू एक डोळा उघडून बघायच्या. तो डोळा पाहिला की खोकला आपोआप थांबायचा.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. मला वाढवून लिहिता येत नाही आणि कोणी गेलं म्हणून त्याचं सगळं गोड करून सांगायची सवयही नाही. या बाईने मला जितकं चिडवलं तितकं माझ्या नवऱ्यानेही चिडवलं नाही. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेलच. हातात गुण असतो आणि तो दुसऱ्याच्या नावावर लिहून मोकळं होतं.

आमचं गाव जळगाव जामोद. सातपुडा इथून दिसतो. महाराष्ट्र नुकता झाला होता त्या वेळची ही गोष्ट. गल्लीत वैद्यबुवांचं घर होतं. बुवांचं द्राक्षासव संग्रामपूरपासून लोक न्यायला यायचे. बाळंतीण, अशक्त माणूस, जेवण न जाणारा म्हातारा, सगळ्यांना तेच. माझा थोरला झाला तेव्हा मी उठूनही बसत नव्हते. बुवांनी बाटली पाठवली, महिनाभर घेतली आणि मी उभी राहिले. पुढे मी त्यांच्याकडे बरण्या धुवायला, मनुकांचे देठ काढायला जाऊ लागले.

बुवा अचानक गेले. मुलगा नागपूरला नोकरीला. त्याने आईला बोलावलं, काकू गेल्या नाहीत. सुतकानंतर आसवाची खोली त्यांनी वर्षभर उघडली नाही. मग एक दिवस कुलूप काढलं आणि मला म्हणाल्या, "चाल पोरी, पाणी भर. बरण्या धुवाच्या हायेत."

काम कसं चालायचं ते सांगते. मनुकांचा काढा करायचा, त्यात गूळ, मसाल्याची पूड आणि धायटीची फुलं. ही लाल फुलं डोंगरातले लोक बाजारात आणून विकायचे. फुलं पडली की दोन-चार दिवसांत बरणी आतून बुडबुडायला लागते. मग ती तुपाचा हात लावलेली बरणी कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगात पुरून ठेवायची. महिन्याने काकू जळती काडी बरणीच्या तोंडाशी धरायच्या. आतल्या वायूने काडी विझली तर म्हणायच्या, "अजून कामात हाय ते." जळत राहिली की गाळायचं आणि कापड-माती लावून तोंड बंद करायचं. पुढे जितकं जुनं होईल तितकं चांगलं.

ते दारूबंदीचे दिवस. एकदा तपासणीला एक साहेब आला. बरण्या बघून म्हणाला, "बाई, यात दारू आहे का?"

"म्या तं मनुका टाकल्या," काकू म्हणाल्या. "पुढचं त्या आपसात पाहून घेतात."

साहेब हसला नाही. काकूंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, "पोट साफ होत नाही ना तुमचं?" असं विचारलं आणि पळीभर पाजलं. जाताना साहेब बाटली घेऊन गेला.

भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी दुपारी आमची बैठक असायची. आम्ही तिघी म्हणजे मी, बांगड्या भरणारी कासारीण आणि शाळेच्या हेडमास्तरांची बायको. ही मास्तरीणबाई पुण्याकडची. काकू तीन वाट्या मांडायच्या. पहिलीत या वर्षीचं, दुसरीत मागच्या-त्याच्या मागच्या वर्षीचं आणि तिसरीत बुवांच्या हातचं. बुवांची एकच मोठी बरणी उरली होती. ती वर्षातून एकदा उघडायची, चौघींना पळी-पळी द्यायची आणि पुन्हा फडक्याने बांधून ठेवायची. आपलं आसव बुवांच्या आसवासारखं झालं की नाही, एवढंच काकूंना बघायचं असे. बरणी संपायच्या आत एकदा तरी तसं जमलं पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. दुसरं काही त्या मागत नव्हत्या.

"सांगा व आता," डोळे उघडून त्या म्हणायच्या.

कासारीण बांगड्या विकणारी, तिच्या तोंडून कोणाला कधी 'नाही' निघालं नाही. "मस्त हाय काकू, बुवाचंच समजा."

मास्तरीणबाई जरा विचार करून म्हणायच्या, "पहिल्यांदा जांभळाची आठवण येते, मग शेवटी चिंचेसारखं काहीतरी राहतं, नाही?"

"मले तुमचं बरं लागते," मी म्हणायचे. "बुवाचं आंबट हाय."

"जुनं हाय ते! जुन्याची चव तुले काय कळते व?" आणि माझ्या हातातली वाटी काढून घ्यायच्या.

मीही मनात म्हणायचे, असेल बाई. मी बुवांचं प्यायले ते बाळंतपणात, अंगात ताप होता. तेव्हाच्या जिभेचा काय भरवसा?

पण दरवर्षी तेच होऊ लागलं. काकू तिन्ही वाट्या चाखून मान हलवायच्या. "नाही जमलं. माहं गोडच होऊन राह्यलं. त्याईचं कसं झणझणीत लागते!" पुढच्या वर्षी गूळ कमी. त्याच्या पुढच्या वर्षी बरणी आठ दिवस जास्त उघडी. भाऊबीज झाली की पुन्हा तेच, बुवांचं आणखी झणझणीत आणि काकूंचं मागेच. मग गूळ आणखी कमी.

लोक तोंड वाकडं करू लागले. एक शेतकरी बाटली घेऊन परत आला. "काकू, हे घेतलं का आंबटपणानं माहे डोळेच मिटतात. बुवाचं असं नव्हतं."

काकू त्याच्यावर उसळल्या. "बुवाचं अस्संच होतं! तुमच्या जिभा बिघडल्या."

मला काय चाललंय ते कळलं आंब्याच्या लोणच्यावरून. माझ्या घरची बरणी अर्ध्यावर आली होती. सासूबाई ती रोज उघडायच्या, फडकं नीट बांधायच्या नाहीत. एक दिवस लोणच्याला आंबूस वास आला. मी बरणीत बघत बसले आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. बुवा अचानक गेले, त्यांच्या बरणीला माती लावायची राहिली; ती वर्षभर बंद खोलीत नुसत्या फडक्यावर होती. नंतर दरवर्षी उघडली. दरवर्षी आसव खाली गेलं आणि वारा वाढला. ते जुनं होत नव्हतं, नासत होतं. काकू पहिल्यांदा चाखायला बसल्या तेव्हाच ते उतरायला लागलं असणार. आणि ही बाई चांगलं आसव हाताने बिघडवून त्या नासक्या बरणीच्या मागे धावत होती.

हात न धुताच मी त्यांच्याकडे गेले.

"काकू, बुवाचं आसव नासलं हाय. त्याचा सिरका झाला. तुमचं पहिल्या वर्षीचं चांगलं होतं, तेच करा."

त्या मनुका निवडत होत्या. सूप खाली ठेवलं. "काय म्हणली?"

"नासलं म्हणली. कासारीण भिऊन बोलत नाही. मास्तरीणबाईले सगळ्यात जांभूळ दिसते. म्या सांगून राह्यली, तर ऐका."

"ऊठ," काकू म्हणाल्या. "ऊठ माह्या घरातून. त्याईच्या मरणावर थुंकली तू."

मी उठले. पण माझाही स्वभाव वाईट. दारातून परत फिरले. "तुमाले बुवाच्या वेळची चव आठवत नाही का? ते जिवंत असतानाची? तेव्हा असं जळजळत होतं का?"

काकूंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि मनुका निवडता निवडता, जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगताहेत तशा म्हणाल्या, "म्या कधी चाखलंच नाही. घरच्या बाईनं आसव चाखू नाही म्हणत. त्याईनं कधी पुढं केलं नाही, म्या कधी मांगलं नाही. बरण्या धुतल्या, फुलं निवडली, काढा केला. ते गेल्यावरच पहिल्यांदा तोंडात घेतलं."

मी तिथेच खाली बसले. इतकी वर्षं ज्या चवीसाठी ही बाई झुरत होती ती तिने कधी चाखलीच नव्हती. सगळ्या गावाने चाखली, मी चाखली, दीडदमडीच्या पाहुण्यांनी चाखली.

"मंग तू सांग," काकू म्हणाल्या. "तू पेली ना तेव्हा? कसं होतं?"

आता मी काय सांगणार? मी एकोणीस वर्षांची, अंगात ताप, बाजूला पोर रडत होतं. गोड होतं, घशात ऊब लागायची, एवढंच आठवलं. मी तेवढंच सांगितलं.

"गोड आन् गरम," त्या म्हणाल्या. "चहा बी तसाच असते. काय कामाची तुही जीभ!"

"माही जीभ सोडा. तुमाले स्वतःले जे चांगलं वाटते ते करा."

"माह्या जिभेले कोन इचारते व?"

यावर मला इतका राग आला की मी महिनाभर गेले नाही. पण देठ काढायची वेळ आली तेव्हा निरोप आला आणि मी गेले. त्या वर्षी काकूंनी बुवांची बरणी पुढे काढली नाही. गूळ टाकताना माझ्याकडे पाहिलं, आणखी एक खडा टाकला, पुन्हा पाहिलं. मी तोंड शिवून बसले. काडी जळत राहिली त्याच दिवशी त्यांनी गाळलं, एक दिवसही वाढवला नाही. न चाखता तोंड बंद केलं. म्हणाल्या, "आता दोन वर्षं हात लावाचा नाही. मंग पाहू कोनाचं काय होते ते."

दोन वर्षं निघण्याआधीच त्या आडाच्या ओट्यावर पडल्या. मांडीचं हाड मोडलं. मुलगा येऊन नागपूरला घेऊन गेला. जाताना काकूंनी आसवाच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. नंतर कळलं की त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली होती.

ठरलेल्या दिवशी आम्ही तिघींनी ती बरणी काढली. माती फोडली. कासारणीने पळी तोंडात घातली आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही. मास्तरीणबाईंना जांभूळही दिसलं नाही. मी घेतलं. रंग काळपट लाल, जिभेवर जड, गोड आधी येतं आणि ऊब मागून. असं आसव मी त्याआधी प्यायले नाही आणि नंतरही नाही. बुवांचं तसं होतं की नाही ते मला ठाऊक नाही, आणि खरं सांगू, मला त्याची पर्वाही नाही.

एक बाटली भरून नागपूरला जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवली. पंधरा दिवसांनी मुलाचं कार्ड आलं. मास्तरीणबाईंनी वाचून दाखवलं. "आईला पळीभर दिलं. बराच वेळ डोळे मिटून होती. मग म्हणाली, हे त्याईच्या हातचं आहे. कुठं सापडलं? फार समाधान झालं तिला."

कासारीण डोळे पुसू लागली. माझं डोकं फिरलं. मी तिथेच मास्तरीणबाईंकडून एक कोरं कार्ड मागून घेतलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, वेडंवाकडं, चौथीचं अक्षर. "काकू, ते तुमच्या हातचं आहे." दुसरं काही लिहिलं नाही. त्याच दिवशी पेटीत टाकलं.

उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी मुलगा घर रिकामं करायला आला तेव्हा त्याच्या डोक्यावर नुकते केस उगवत होते. मी विचारलं, माझं कार्ड मिळालं होतं का?

"हो, मिळालं," तो म्हणाला. "त्या दिवशी आई झोपली होती. म्हटलं, उगाच कशाला उठवा, मग वाचून दाखवू. ते राहूनच गेलं."

उन्हातून आला होता. मी त्याला पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही.