तिसऱ्या ओळीतला फोटो

कोल्हापुरात माणूस जन्मला की बोर्ड लागतो, दहावी पास झाला की लागतो आणि मेल्यावर तर लागतोच. त्यातले निम्मे माझ्या शाहूपुरीतल्या दुकानात छापलेले असतात. बोर्डाच्या तळाशी शुभेच्छुकांचे गोल फोटो असतात ना, खरी गोम तिथं आहे. मधला मोठा माणूस कोण, याचं कुणालाच काही पडलेलं नसतं. पण ज्याचा फोटो बटणाएवढा का होईना लागलाय, तो दहा जणांना हाताला धरून बोर्डापुढं आणतो. ही युक्ती हुसेनचाचांना मीच शिकवली. माझी जीभ तेव्हा झडली असती तर बरं झालं असतं.

चाचा टेम्पोवाले. तीस वर्षं आजऱ्याकडनं काजू आणला, गुडघे गेले तसा टेम्पो विकला आणि पुस्तक लिहायला बसले. शिक्षण सातवी. लोक हसले, मीही हसलो. अकरा वर्षांपूर्वी आजऱ्यातल्या हंबीररावांच्या काजू कारखान्याला आग लागली, तेव्हा चाचांचा टेम्पो पुढच्या दारात उभा होता. पाणी मारून मारून त्यांचे हात भाजले, तरी आत दोन बायका गेल्याच. चौकशीत निघालं, वायर जळाली आणि बायका घाबरून मागच्या दाराकडं गेल्याच नाहीत.

त्या दाराला बाहेरून कडी होती. बायका काजूगर पदरात बांधून नेतात, असा हंबीररावांना संशय होता, म्हणून कडी त्यांनीच स्वतःच्या हातानं घातली. हे बघितलं होतं एकाच कामगार बाईनं. तिनं ते दहा वर्षं पोटात ठेवलं आणि मग चाचांना सांगितलं, माझं नाव कुठं येऊ द्यायचं नाही या बोलीवर. ती अजून त्याच कारखान्यात कामाला होती. चाचांनी पुस्तकात तिचं नाव बदललं आणि पुस्तकाला नाव दिलं, 'कडी बाहेरून'.

हे सगळं त्या पुस्तकात होतं. मला मात्र आगीपलीकडं यातलं अक्षर माहीत नव्हतं. चाचांनी भेट दिलेली प्रत मी प्रिंटरच्या हलत्या पायाखाली सरकवली होती. खोटं कशाला बोलू.

पाचशे प्रती स्वतःच छापल्या आणि चाचांचे हाल सुरू झाले. दुकानदार म्हणायचे, ठेवून जा. ग्रंथालयवाले म्हणायचे, अर्ज द्या. व्हॉट्सॲपच्या चार ग्रुपांनी त्यांना काढून टाकलं. चहाच्या गाड्यावर उभं राहून पान वाचायला लागले की लोक कप अर्धा ठेवून उठायचे. एका लग्नात तर त्यांनी नवरानवरीला आहेर म्हणून हेच पुस्तक दिलं! आगीत मेलेल्या बायकांचं पुस्तक, तेही भर मांडवात. मी कपाळावर हात मारला.

"चाचा, आता बास करा की," मी म्हटलं.

"कसं बास करू, सम्राट? दोघी गेल्या आणि त्यांचीच चूक म्हणून कागदावर लिवलंय. चार मानसांनी वाचल्याबिगर ते पुसायचं न्हाय."

मला दया आली. मी त्यांना बोर्डाची युक्ती सांगितली. वर आणखी एक शहाणपण शिकवलं, की प्रतीवर लेखकाची सही असली की गिऱ्हाईक खूश होतं. चाचांनी माझ्या दुकानात बसून पन्नास प्रतींवर सही केली आणि त्या तिथंच विकायला ठेवल्या. 'आपला, हुसेन.'

दुसऱ्या दिवशी ते अकरा फोटो घेऊन आले. शुद्धलेखन तपासणाऱ्या संयोगिता बाई, छापखान्यातला जोतीराम, असे सगळे मदत करणारे. शेवटचा फोटो कुठल्याशा लग्नाच्या फोटोतनं कापलेला, डोक्यावर पदर घेतलेल्या म्हातारीचा.

"ह्या कोण?"

"चिमणाबाई. आजऱ्याला कारखान्यामागच्या खोल्यांत ऱ्हात्यात. ह्या नसत्या तर पुस्तकच झालं नसतं."

मी तिसऱ्या ओळीत फोटो बसवला, खाली 'विशेष सहकार्य' असं टाकलं आणि म्हातारीचा चेहरा जरा उजळूनही दिला. तीन बोर्ड कोल्हापुरात लागले. चौथा चाचांनी हट्टानं आजऱ्याला लावायला लावला. जिथलं पुस्तक तिथं बोर्ड पाहिजेच, म्हणाले.

तिसऱ्या दिवशी एक पांढरे कपडे घातलेला गृहस्थ दुकानात आला. बोलणं इतकं मऊ की कान पुढं करावा लागत होता. त्यानं सहीच्या चाळीस प्रती उचलल्या. मग मोबाईलवर बोर्डाचा फोटो काढून मोठा केला.

"ह्या आजी कोण वं?"

आणि मी, गाढव, छाती फुगवून सांगितलं, "पुस्तकातली सगळी माहिती त्यांनीच दिली. कारखान्यामागच्या खोल्यांत राहतात."

"सत्कार कराय पायजे त्यांचा," तो म्हणाला.

"करा की!"

चाळीस प्रती गेल्याचं कळल्यावर चाचा दुसऱ्या दिवशी दुपारी पेढे घेऊन आले. डोळ्यांत पाणी होतं. चाळीस घरांत पुस्तक वाचलं जाणार, असं पुन्हापुन्हा म्हणत होते. आम्ही पेढे खात असतानाच त्यांच्या मोबाईलवर आजऱ्याहून कुणीतरी बोर्डाचा फोटो पाठवला. तिसऱ्या ओळीत एक गोल भोक होतं. ब्लेडनं नीट कापलेलं. बाकीचे दहा चेहरे जसेच्या तसे हसत होते.

"पोरांचा चाळा असंल," मी म्हटलं.

चाचांनी फोटो बोटांनी मोठा करून बघितला. मग एकदम म्हणाले, "पुस्तकं कुणी नेली?"

मी सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यांचा चेहरा उतरला. तेव्हा त्यांनी कडीची आणि बोलीची गोष्ट मला सांगितली. मी भडकलो.

"मग फोटो कशाला लावला वं?"

"पुस्तकात नाव बदललंय की. कबूल केलतं तसंच केलं. बोर्डावर निस्ता उपकार मानलाय, सम्राट. उपकार मानायचा न्हाय व्हय?"



चिमणाबाईंचा फोन बंद. मी गाडी काढली. आजरा येईपर्यंत चाचा फोन लावतच होते. कारखान्यामागं खोल्यांची रांग होती. चिमणाबाईंच्या खोलीला कडी घातलेली. शेजारची क्रांती दारात तांदूळ निवडत बसली होती. चाचांना बघून ती उलट हसली.

"तुमी हितं कसं, चाचा? आजी सकाळीच गेल्या की. तुमच्याच कार्यक्रमाला."

"कसला कार्यक्रम?"

"कोल्हापुरात सत्कार हाय न्हवं त्यांचा? पांढरी गाडी आलती. तुमीच धाडली म्हणत हुते. आजी आधी नगं म्हणत हुत्या, लई भ्याल्या हुत्या बोर्ड बघून. मग त्यांनी पुस्तक काढलं, आत तुमची सही दावली. तवा कुठं विश्वास बसला. ठेवणीतलं लुगडं नेसून गेल्या बगा."

चाचांनी भिंतीला हात लावला.

"गाडी कुठल्या रस्त्यानं गेली, पोरी?"

क्रांतीनं बसल्या जागेवरून हात केला. तो रस्ता घाटाकडं जात होता. कोल्हापूर दुसऱ्या बाजूला होतं.